पाच वेळा तोच आकडा : तुडतुडे न मेलेल्या एका पऱ्हाटीचं प्रकरण

पार्श्वभूमी

वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या शिवेवरचं गाव. काळी जमीन, ओलित नावापुरतं, खरिपात पऱ्हाटी (कापसाचं पीक) आणि तूर. ज्यांचं हे प्रकरण आहे त्यांना इथे नुसतं काका म्हणतो. प्रत्यक्षातही तसंच म्हणतो. गाव, दुकान आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत किंवा गाळले आहेत. मी कीटकशास्त्र शिकलेला, याच पट्ट्यात पीकसल्ल्याचं काम करतो. या प्रकरणातली एक चूक माझी आहे. ती जिथे झाली तिथे सांगतो.

काकांची चार एकर पऱ्हाटी, बीटी संकरित वाण, जूनच्या तिसऱ्या आठवड्यातली लागवड. बीटीतलं प्रथिन बोंडअळीच्या आतड्यात काम करतं. तुडतुडे पानातला रस शोषतात, त्यांना त्याचं काही सोयरसुतक नाही. म्हणूनच पाकिटातलं सरकीचं बी रंगवलेलं येतं. त्या रंगासोबत बियाण्याला इमिडाक्लोप्रिड चोळलेलं असतं. रोप उगवलं की ते मुळांवाटे पानांत चढतं आणि पहिले काही आठवडे रस शोषणाऱ्या किडींपासून रोपाला राखतं. काकांना हे ठाऊक होतं, पण “बियाण्याले कंपनीनं लावलेली पावडर” एवढंच. ती औषधाच्या हिशेबात धरायची असते, हे त्यांच्या डोक्यात नव्हतं. खरं सांगायचं तर बहुतेकांच्या नसतं.

जुलैत पावसाची झड लागली. डवरणी लांबली, तण माजलं. उघाड मिळाल्यावर काकांनी युरियाचा हात जरा सैल सोडला आणि पऱ्हाटी बघता बघता हिरवीगार, लुसलुशीत झाली. गावात सगळ्यात देखणी पऱ्हाटी त्यांचीच होती. तुडतुड्यांनाही तशीच आवडते.

अडचण

ऑगस्ट सरता सरता फोन आला. “साहेब, तीन फवारण्या झाल्या, तुडतुडे मरूनच नाही राह्यले. काय करू सांगा.” मागोमाग फोटो आले. पानांच्या कडा पिवळ्या, काही ठिकाणी तांबूस, पानं खालच्या बाजूला मुरडलेली.

मी तेव्हा एसटीत होतो. खिडकीच्या खडखडाटात मी म्हणालो, “अ‍ॅसिटामिप्रिड मारून बघा.” आधीच्या तीन फवारण्या कशाच्या होत्या, हे विचारलंच नाही. चूक ती हीच. ती पुढे काकांना एका फवारणीच्या खर्चाला आणि आठवडाभराच्या वेळेला पडली.

पाच दिवसांनी पुन्हा फोन. फरक शून्य. मग मात्र मी सकाळीच शेतावर गेलो. ऊन चढायच्या आत गेलं की तुडतुडे फार उड्या मारत नाहीत, मोजता येतात. शेतात तिरकं चालत वीस झाडं घेतली. प्रत्येक झाडाचं वरचं, मधलं आणि खालचं पान हळूच उलटून बघितलं. प्रौढ तुडतुडा उडी मारतो. पिल्लू मात्र उडत नाही, ते खेकड्यासारखं तिरपं चालत शिरेच्या आडोशाला जातं. या तिरप्या चालीवरून ते चटकन ओळखू येतं. सरासरी पानामागे सहा-सात निघाले. पानाला दोन-तीन झाले की फवारणीचा विचार करायचा असतो. त्या ओळीच्या आपण केव्हाच पलीकडे होतो.

औषधावर ठपका ठेवण्याआधी फवारणी तपासायला हवी होती, कारण “औषध चालत नाही” या तक्रारीत बऱ्याचदा औषधाचा दोष नसतो. पंप बघितला, नोझल बघितलं. ते झिजलेलं नव्हतं. पाणी मात्र कमी होतं. एकरी दोनशे लिटर, म्हणजे पंधरा लिटरचे तेरा-चौदा पंप लागायला हवेत. काका आठ-नऊ पंपांत एकर उरकत होते. मजुरी पंपामागे ठरलेली, त्यामुळे पंप वाचवायचा मोह कुणालाही होईल. तरी पानं व्यवस्थित भिजलेली असतानाही मधल्या ओळींत तेवढेच तुडतुडे होते. फवारणीनंतर दोन तासांत पाऊसही पडलेला नव्हता. म्हणजे पाणी हे एक कारण होतं, मुख्य नव्हतं.

ओट्यावरचे आकडे

“आतापर्यंत जे जे मारलं त्याचे रिकामे डबे, पुड्या आहेत का?” मी विचारलं. काकू गोठ्याच्या भिंतीला टांगलेलं पोतं घेऊन आल्या आणि ओट्यावर उपडं केलं. (त्यातल्या एका बाटलीत पूर्वी रॉकेल भरून ठेवलं होतं, हे कळल्यावर आधी त्यावर दहा मिनिटं गेली.)

डबे तारखेप्रमाणे मांडले. पहिल्या फवारणीचं इमिडाक्लोप्रिड 17.8 एसएल (आकडा औषधाच्या टक्केवारीचा, अक्षरं ते द्रावण आहे की दाणेदार ते सांगणारी), सोबत कसलंसं टॉनिक. दुसरीला अ‍ॅसिफेट 50 अधिक इमिडाक्लोप्रिड 1.8 हे जोडऔषध. तिसरीला थायामेथोक्झाम 25 डब्ल्यूजी. चौथीला माझं अ‍ॅसिटामिप्रिड. चार रंगांची चार वेष्टनं, चार कंपन्या, चार नावं. विटेचा तुकडा घेऊन मी प्रत्येकासमोर ओट्यावर त्या औषधाचा गट लिहिला. कीटकनाशकं किडीच्या शरीरात कुठे काम करतात त्यावरून त्यांचे आंतरराष्ट्रीय गट पाडलेले आहेत, आणि प्रत्येक गटाला आकडा आहे. ओट्यावर उमटलं ते असं : 4. मग 1 आणि 4. मग 4. मग 4.

सगळ्यांच्या अलीकडे मी एक रिकामी जागा सोडली होती. तिथे बियाण्याचं पाकीट ठेवलं आणि आणखी एक 4 लिहिला.

काका बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, “म्हणजे आपण नाव बदलवत होतो फक्त.”

मज्जातंतूत काय घडतं

या आकड्याचा अर्थ समजल्याशिवाय पुढचे निर्णय समजणार नाहीत, म्हणून इथे जरा थांबतो.

किडीच्या मज्जासंस्थेत एका पेशीकडून दुसरीकडे निरोप जायचा तर मध्ये एक बारीक फट असते. निरोप आला की पहिली पेशी त्या फटीत अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडते. पलीकडच्या पेशीवर ते झेलायला प्रथिनाचे रिसेप्टर असतात. त्यातला आपल्या कामाचा म्हणजे निकोटिनिक रिसेप्टर. पाच प्रथिनं गोलाकार उभी असतात आणि मध्ये एक नळी. अ‍ॅसिटिलकोलीन दोन प्रथिनांच्या सांध्यात बसलं की नळी उघडते, सोडियम आत शिरतं आणि निरोप पुढे जातो. काम झालं की अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम अ‍ॅसिटिलकोलीन तोडून टाकतं. उघडणं आणि बंद होणं, दोन्ही क्षणात झालं तरच मज्जासंस्था चालते.

गट 1 मधली औषधं, म्हणजे अ‍ॅसिफेट, मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही मंडळी, रिसेप्टरला हात लावत नाहीत. ती साफसफाई करणारं एन्झाइम निकामी करतात. अ‍ॅसिटिलकोलीन साचतं, नळ्या उघड्याच राहतात, किडीला झटके येतात.

गट 4 मधली औषधं थेट रिसेप्टरवर अ‍ॅसिटिलकोलीनच्या जागी जाऊन बसतात, आणि ते एन्झाइम त्यांना तोडू शकत नाही. आधी अतिउत्तेजना, थरथर, मग लुळेपणा. आमच्याकडे जुनी माणसं मावा या रस शोषणाऱ्या किडीवर तंबाखूचा काढा मारायची, तो याच रिसेप्टरवर काम करायचा, कारण त्यातलं निकोटीन तिथेच बसतं. रिसेप्टरला निकोटिनिक हे नावच त्यावरून पडलं आणि या औषधांच्या घराण्याला निओनिकोटिनॉइड. इमिडाक्लोप्रिड 1991 मध्ये बाजारात आलं आणि त्याच्या मागोमाग बाकीची भावंडं.

निकोटीन माणसालाही विषारी, मग इमिडाक्लोप्रिड तुलनेनं कमी का? निकोटिनवर धन विद्युतभार असतो. माणसाच्या रिसेप्टरला तो मानवतो. इमिडाक्लोप्रिडचं टोक ऋण बाजूचं असतं, आणि किडीच्या रिसेप्टरमध्ये त्या टोकाला धरून ठेवणारे धन भाराचे अमिनो आम्ल असतात. आपल्या रिसेप्टरमध्ये ती पकड नाही. एवढ्याशा फरकावर हा सगळा धंदा उभा आहे. मधमाशीचा रिसेप्टर मात्र किडीचाच असल्यामुळे तिची सुटका नाही. युरोपीय संघानं 2018 मध्ये इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम आणि क्लोथियानिडिन यांच्या उघड्या शेतातल्या वापरावर बंदी घातली ती त्यामुळेच. आणि थायामेथोक्झाम झाडात आणि किडीत गेलं की त्याचं क्लोथियानिडिनच होतं, हेही जाता जाता.

आता प्रतिकार कसा येतो? दोन मुख्य वाटा. एक, रिसेप्टरच बदलतो. दक्षिण फ्रान्समधल्या पीचच्या बागांत माव्याचा असा वाण सापडला, त्याचा अभ्यास 2011 मध्ये छापून आला. त्याच्या रिसेप्टरमध्ये 81 व्या जागी आर्जिनिनऐवजी थ्रिओनिन आलं होतं, आणि पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या रिसेप्टरमध्ये त्या जागी थ्रिओनिनच असतं. म्हणजे माव्यानं त्या एका जागेपुरती आपली नक्कल केली. दुसरी वाट जास्त वापरातली. किडीच्या शरीरात पी-450 घराण्याची एन्झाइम्स वाढतात आणि औषध रिसेप्टरपर्यंत पोचायच्या आतच त्याची वासलात लावतात. भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांनी 2003 नंतर आशियात ठिकठिकाणी इमिडाक्लोप्रिडला दाद देणं सोडलं, त्यामागे मुख्यतः हीच यंत्रणा निघाली.

यात एक बारकावा आहे. गट म्हणजे नुसता रिसेप्टर नव्हे, रिसेप्टरवरची जागा. स्पिनोसॅडही याच निकोटिनिक रिसेप्टरवर काम करतं, पण वेगळ्या जागी बसून. म्हणून त्याचा गट 5. कारटॅप मधल्या नळीत जाऊन अडकतं. त्याचा गट 14. उलट गट 4 मधली इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, अ‍ॅसिटामिप्रिड ही एकाच जागेवर बसतात, आणि एकाला तोडायला शिकलेल्या किडीला दुसरं बरंच ओळखीचं वाटतं.

पर्याय

पुढे काय मारायचं यावर त्या दिवशी ओट्यावर पाच-सहा मतं झाली. काकांचा मुलगा, शेजारचे दोघं आणि फोनवर कृषी केंद्रवाले शेठ.

मुलाचं म्हणणं, अ‍ॅसिटामिप्रिडच दुप्पट करून मारू. हे मत सगळ्यात स्वस्त होतं आणि त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यायची माझी तयारी नव्हती. म्हणून त्याची चाचणी घ्यायचं ठरलं. ती पुढे सांगतो.

शेजाऱ्यांचं म्हणणं, मोनोक्रोटोफॉस आणि सायपरमेथ्रिन एकत्र. “एका मिनटात खाली पडते.” पडतातही, थोडे दिवस. पण सायपरमेथ्रिन सोडियमच्या नळ्यांवर काम करणारं, ढालकिडे, क्रायसोपा, कोळी या किडी खाणाऱ्या सगळ्यांना साफ करणारं. त्यानंतर पांढरी माशी उसळते हा कापूस पट्ट्यातला जुना अनुभव. आणि मोनोक्रोटोफॉसबद्दल मला वेगळीच भीती होती. किडीतलं जे एन्झाइम ते बंद करतं तेच माणसातही आहे. किडीत अ‍ॅसिटिलकोलीनचं काम मुख्यतः मध्यवर्ती मज्जासंस्थेत चालतं. माणसात मात्र ते स्नायूंना हलवतं, श्वास घ्यायच्या स्नायूंनासुद्धा. 2017 च्या फवारणी हंगामात यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेनं वीसवर शेतकरी-शेतमजूर गेले. पऱ्हाटी खांद्याच्या वर गेलेली, ओळींतून चालताना फवारा तोंडावर येतो, आणि बादलीत दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली. काकांची पऱ्हाटी त्या वेळी छातीला लागत होती. फवारणीला येणारा मजूर गावातलाच, उघड्या पायांनी फवारणारा. हा पर्याय मी सरळ नको म्हटलं.

शेठचं म्हणणं, डायनोटेफ्युरान न्या, “नवीन पिढीचं आहे.” पिढी नवीन आहे हे खरं. त्याची रेणूरचना इमिडाक्लोप्रिडपेक्षा बरीच वेगळी आहे, आणि काही ठिकाणी जुन्यांना न जुमानणाऱ्या किडीवर ते थोडं चालतं. पण गट 4 च. सहाव्यांदा तोच आकडा लिहायचा का, एवढाच प्रश्न होता.

डायफेन्थियुरॉनचा विचार केला. ते मज्जासंस्थेत नाही, पेशीतल्या ऊर्जेच्या यंत्रणेवर घाव घालतं, त्यामुळे गट वेगळा, 12. पण ते पांढऱ्या माशीवर जास्त कामाचं, आणि त्या उंचीच्या पऱ्हाटीत, त्या मजुराच्या हातात मला ते नको होतं. फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिडचं जोडऔषधही कुणीतरी सुचवलं. फिप्रोनिल गाबा नावाच्या दुसऱ्या एका निरोपी रसायनाच्या रिसेप्टरमधल्या क्लोराइड नळीवर काम करतं, म्हणजे गट 2. त्यातला निम्मा भाग पुन्हा 4.

राहिलं फ्लोनिकामिड. गट 29. ते निकोटिनिक रिसेप्टरकडे फिरकतच नाही. किडीच्या सांध्यांत, मिशांच्या बुडाशी ताण, हालचाल, तोल कळवणारे अवयव असतात; त्यांच्या पेशींत ते गडबड उडवून देतं. किडीला सोंड नीट रोवता येत नाही, ती रस शोषणं थांबवते आणि उपाशी मरते. भक्षक किडींवर त्याचा त्रास तुलनेनं कमी. अडचणी दोन. महाग, आणि हळू.

आणि तिसरी अडचण, जी कुठल्याच पुस्तकात नसते. काकांची उधारी शेठकडे होती. पीक निघाल्यावर पैसे द्यायचे या बोलीवर बियाणं, खत, औषध सगळं तिथून. शेठकडे फ्लोनिकामिड नव्हतं. रोख देऊन तालुक्याहून आणावं लागणार होतं. आपण सल्ला देताना औषध निवडतो. शेतकरी बरेचदा उधारी निवडत असतो.

ग्लासातली चाचणी

दुप्पट मात्रेच्या प्रश्नासाठी दुसऱ्या दिवशी ओट्यावरच चाचणी केली. तीन पारदर्शक प्लास्टिकचे ग्लास. पऱ्हाटीची सारखी तीन पानं देठासकट. देठाला ओला कापूस. एक पान नुसत्या पाण्यात बुडवलं, एक अ‍ॅसिटामिप्रिडच्या शिफारशीच्या मात्रेत, एक दुप्पट मात्रेत. सावलीत वाळवून प्रत्येक ग्लासात दहा पिल्लं सोडली, वर काकूंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा रबरानं बांधला. प्रयोगशाळेत याला कुणी चाचणी म्हणणार नाही. शेतावरच्या निर्णयाला मात्र पुरते.

चोवीस तासांनी पाण्याच्या ग्लासात एक मेलं होतं. शिफारशीच्या ग्लासात दोन. दुप्पटच्या ग्लासात चार. म्हणजे दुप्पट औषधालाही सहा जण पुरून उरले.

खरी गोष्ट मला त्याआधी, पिल्लं सोडल्यापासून तीन-चार तासांत दिसली होती. दुप्पटच्या ग्लासात तेव्हा सात पिल्लं आडवी पडून पाय झाडत होती. मुलगा खूश. “बघा साहेब, गेले.” दुसऱ्या दिवशी त्यातली तीन पुन्हा पानाच्या शिरेला लागून तिरपी चालत होती. औषध रिसेप्टरवर पोचलं होतं, घाव बसला होता, आणि मग किडीनं ते पचवलं होतं. रिसेप्टर बदललेला असता तर ती आडवी पडायचीच कमी. ही पडून उठण्याची खूण पचवणाऱ्या एन्झाइम्सकडे बोट दाखवते. आणि अशा किडीला दुप्पट मात्रा देणं म्हणजे जास्त पचवू शकणाऱ्यांची निवड करणं. मुलानं दुप्पटचा आग्रह सोडला. त्याला ते माझ्या बोलण्यानं पटलं नसतं, ग्लासानं पटलं.

केलेली कृती

फ्लोनिकामिड 50 डब्ल्यूजी आणायचं ठरलं. शिफारस हेक्टरी 150 ग्रॅम, म्हणजे एकरी 60. चार एकरांना 240 ग्रॅम. पाणी एकरी दोनशे लिटर, पंधरा लिटरच्या पंपाला साडेचार ग्रॅम. पंप वाढले, मजुरी वाढली. काकांच्या कपाळावर आठी पडली, पण या वेळी पाण्यात काटकसर नको हे त्यांनी मान्य केलं. नोझलचं तोंड वर करून पानांची खालची बाजू भिजवायची. बादलीत दुसरं काही कालवायचं नाही, टॉनिकसुद्धा नाही. मजुराला पूर्ण बाह्यांचा सदरा, बूट आणि तोंडाला मास्क. बूट काकांच्या मुलाचे, मापाला मोठे; त्यांत कापड कोंबलं. वारा पाठीमागून ठेवून सकाळी काम.

युरिया बंद. धुऱ्यालगतच्या (बांधालगतच्या) चार ओळी मुद्दाम फवारल्या नाहीत, तुलनेला. या चार ओळींवर मी अडून बसलो होतो. काकांना त्या सोडवत नव्हत्या; “आपल्याच हातानं पोसायचे का त्यायले?”

दुसऱ्या दिवसाचा पेच

फवारणीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलाचा फोन. तुडतुडे जिवंत आहेत, उड्या मारताहेत. शेजारी म्हणतात पैसे पाण्यात गेले. मोनो आणलं आहे, उद्या सकाळी मारायचं का?

सगळ्या प्रकरणातला हा सगळ्यात कठीण क्षण. शेतकऱ्याच्या डोळ्याला मज्जातंतूवरच्या औषधांची सवय झालेली असते : फवारलं, तडफडलं, पडलं. फ्लोनिकामिडची कीड तशी दिसत नाही. पानावर असते, हलते, हात लावला तर उडी मारते. फक्त खात नाही. हे मी आधी तोंडी सांगितलं होतं. पण तोंडी सांगणं आणि दुसऱ्या दिवशी जिवंत तुडतुडे डोळ्यांनी बघणं यांत फार अंतर असतं. मी काकांना फोनवर घेतलं आणि तीन दिवस मागितले. मोनोचा डबा परत करायला सांगितलं नाही, फक्त फोडू नका म्हटलं. परत करायचं म्हटलं असतं तर शेठशी वाद झाला असता, आणि वादातून माणूस डबा फोडतोच.

काका थांबले. का थांबले ते त्यांनी नंतर सांगितलं : ओट्यावरचे ते पाच आकडे काकूंनी अजून पुसले नव्हते.

निष्पत्ती

पाचव्या दिवशी मोजणी केली. फवारलेल्या भागात पानाला दोनच्या आत. न फवारलेल्या चार ओळींत सात-आठ. दहाव्या दिवशी शेंड्याकडची नवी पानं सरळ, हिरवी निघत होती. ढालकिड्याच्या अळ्या दिसायला लागल्या, त्या बहुधा धुऱ्याच्या बाजूनं आल्या असाव्यात.

सगळं सावरलं असं नाही. खालची करपलेली पानं पुन्हा हिरवी होत नाहीत, ती गळाली. त्या दोन-अडीच आठवड्यांत पातेगळही (फुलाआधीच्या कळ्या गळणं) झाली होती. पहिल्या वेचणीला काकांचा कापूस शेजाऱ्यांपेक्षा कमी भरला, दुसऱ्या वेचणीला बरोबरीत आला. फ्लोनिकामिडचे पैसे, जास्तीच्या पंपांची मजुरी आणि माझ्या सल्ल्यानं वाया गेलेली अ‍ॅसिटामिप्रिडची फवारणी धरली तर काका त्या हंगामात फार कमावून बसले असं म्हणता येणार नाही. ज्या शेजाऱ्यानं डायनोटेफ्युरान मारलं त्याला थोडा फरक पडला, दोन आठवड्यांनी पुन्हा फवारावं लागलं.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्यापासून सुरुवात. फोनवर कीड कोणती याआधी “आतापर्यंत काय काय मारलं” हा प्रश्न यायला हवा होता. आता मी फोनवर औषधाचं नाव सांगतच नाही. आधी डब्यांचा फोटो मागतो, बियाण्याच्या पाकिटासकट. त्यामुळे काही लोक वैतागतात.

पहिली फवारणी गरज बघून झालेली नव्हती. लागवडीला चाळीस दिवस झाले म्हणून झाली. त्या वेळी कुणी पानं उलटून मोजलं नव्हतं. बियाण्यावरच्या इमिडाक्लोप्रिडचा असर ओसरत असताना त्यावर लगेच इमिडाक्लोप्रिडच पडलं. जी पिल्लं कमी मात्रेला तरली होती त्यांचीच पुढची पिढी वाढली. तिथे पाच टक्के निंबोळी अर्क आणि मोजणी यांवर दोन आठवडे काढता आले असते, भक्षकही टिकले असते. युरियाचा हात आवरला असता तर कदाचित त्याचीही गरज पडली नसती. आणि लवदार पानांचा वाण घेतला असता तर तुडतुड्यांना पानावर बसायलाच अडचण झाली असती. आमच्याकडे वाण निवडताना बोंडाचा आकार बघतात, पानावरची लव कुणी बघत नाही.

जोडऔषधांचा हिशेब सगळ्यात फसवा. अ‍ॅसिफेट-इमिडाक्लोप्रिडच्या पुडीला काका “अ‍ॅसिफेटवालं” म्हणत होते. त्यातला 4 कुणाच्या ध्यानात नव्हता.

तुडतुड्याला धुरा कळत नाही. काकांनी गट बदलला आणि आजूबाजूच्या शंभर एकरांत तेच 4 चालू राहिले, तर काकांच्या शेतात येणारे तुडतुडे तेच. गावाच्या पातळीवर कुणी हे केलं असतं तर, हा विचार मनात येतो. पण उधारी जोवर दुकानावर आहे तोवर फवारणीचा क्रम दुकानच ठरवणार, हेही मी बघतो.

पुढच्या खरिपात काकांनी न चोळलेलं बियाणं मागितलं. मिळालं नाही. मग त्यांनी कोठ्यातल्या दाराच्या मागे खडूनं लिहायला सुरुवात केली. लागवडीच्या दिवशी पहिला आकडा त्यांनी स्वतःच घातला, 4. पहिली फवारणी निंबोळीची झाली. सप्टेंबरात त्यांचा फोन आला.

“साहेब, पुन्हा तुडतुडे वाढले. तेच मारू का, गेल्या वर्षीचं? गावात आता समदे तेच मारून राह्यले, शेठनं भरपूर ठेवलं.”

“दारामागे काय लिहिलंय ते वाचा.”

जरा वेळ लागला. दार उघडल्याचा आवाज आला.

“चार. निंबोळी. एकोणतीस. एकोणतीस.”